दवाखान्यातल्या एकादश्या

आमच्या गावात मरणाखेरीज कुठलीही गोष्ट मला विचारल्यावाचून होत नसे. गाव खर्ड्यापासून दोन कोसांवर, तेव्हाच्या निजामाच्या हद्दीला लागून. लग्न, मुंज, विहिरीवरची पहिली कुदळ, नवी बैलजोडी जुंपणं, सुनेला माहेरी धाडणं, या सगळ्यासाठी लोक माझ्या ओसरीवर येऊन बसत आणि मी पंचांग उघडून दिवस काढून देई. वडिलांनी हेच केलं, आजोबांनीही हेच. किराणा दुकानदाराला जसा गुळाचा वास येईनासा होतो, तसं माझं आणि तिथ्यांचं झालं होतं.

विश्वास ठेवायचं काम आमच्या घरात बायकोकडे होतं. सकाळी आंघोळ करून ओल्या केसांनी ती माझ्या अंथरुणाशी उभी राही आणि विचारी, "अहो, आज काय?" मी डोळे न उघडता तिथी सांगे. एकादशी म्हटलं की त्या दिवशी तिच्या पोटात अन्नाचा कण जात नसे. भगर नाही, रताळं नाही, शेंगदाणा नाही. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावल्यावर वाटीभर दूध, बस्स. एकादशी झाली की संकष्टी, संकष्टी झाली की पुन्हा एकादशी. माझी मात्र एकादशी आणि दुप्पट खाशी. भगर, दाण्याची आमटी, शिंगाड्याचा शिरा, हे सगळं ती उपाशीपोटी रांधून मला वाढायची आणि वर म्हणायची, "बसा फराळाला. देवाला तेवढीच करमणूक."

लढाईची वर्षं होती. कार्तिकात तुळशीचं लग्न उरकलं, पाहुणे गेले, आणि भांडी आवरता आवरता तिने मला सांगितलं की डाव्या छातीत गाठ आहे. सुपारीएवढी होती, आता लिंबाएवढी झाली आहे. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, चातुर्मास चालू होता, मध्येच कुठे सांगत बसायचं. मी तिच्यावर ओरडलो. घाबरलो की मी ओरडतो, हे तिला ठाऊक होतं. तिने परात पालथी घालून ठेवली.

महिनाभर वैद्याचे लेप झाले. गाठ तशीच. शेवटी पौष लागला तेव्हा आम्ही निघालो. पौष म्हणजे आम्हा भिक्षुकांचा भाकड महिना. लग्न नाही, मुंज नाही, कोणी दारात येत नाही. बैलगाडीने जामखेडपर्यंत आणि तिथून सर्व्हिस मोटारने नगर. पेट्रोल मिळत नसे, म्हणून मोटारी कोळशाच्या धुरावर चालत, आणि चढ आला की उतारूंनी उतरायचं. ती उतरली नाही. पदर छातीशी घट्ट धरून बसून राहिली, आणि मी मागून मोटार ढकलत होतो.

नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई साठीला आलेल्या, बोलायला फटकळ. त्यांनी तपासलं, मला बाहेर बोलावलं आणि सरळ सांगितलं, "कर्करोग आहे." कर्क ही माझ्या लेखी तोवर चौथी रास होती. त्या पुढे बोलत होत्या. "सगळं काढावं लागेल. पण बाईंच्या अंगात रक्त नाही. पापणी उलटून बघा, पांढरीफटक आहे. आज कापलं तर टेबलावरून उठायच्या नाहीत. तीन-चार आठवडे दोन्ही वेळा पोटभर जेवण, दूध, औषध. मग मी हात लावीन. उपासतापास बंद. एकही नाही. आणि जास्त थांबायलाही सवड नाही, गाठ आपल्यासाठी थांबणार नाही. कळलं का शास्त्रीबुवा?"

कळलं म्हटलं. पण जिला कळायला हवं होतं ती खाटेवर मांडी घालून बसली होती. माझ्याकडून सगळं ऐकून म्हणाली, "जेवीन की दोन्ही वेळा. उपासाचे दिवस सोडून."

"एकही उपास नाही म्हणाल्यात त्या."

"मी शब्द देवाला दिलाय. डॉक्टरीणबाईंना नाही."

मी शास्त्र सांगितलं, रागावलो, हात जोडले. आजारी माणसाला उपासाची सूट आहे, आपद्धर्म आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, सूट घेणाऱ्याने घ्यावी. पौष शुद्ध एकादशी दोनच दिवसांवर आली होती.

मी जवळच्या धर्मशाळेत उतरलो होतो. तीन विटांची चूल मांडून, ओलं धोतर नेसून सोवळ्यात स्वयंपाक करायचा आणि डबा झाकून दवाखान्यात न्यायचा, असा नेम ठरला, कारण ती दुसऱ्या कोणाच्या हातचं खाणार नव्हती. आयुष्यात मी कधी चुलीत फुंकर घातलेली नव्हती. पहिल्या दिवशीचा भात खाली करपलेला आणि वर कच्चा. तिने तो सगळा खाल्ला आणि म्हणाली, "मिठाची चव कळते का तुम्हाला?" डबा नेताना दारातली आया त्याला हात लावी, परिचारिका झाकण उघडून बघे. सोवळं तिथेच संपत होतं. मी बायकोला सांगितलं की पितळेला विटाळ नसतो. हे कुठल्याही ग्रंथात नाही. अंड्याचं नाव मात्र डॉक्टरीणबाईंनी एकदा काढलं तेव्हा तिने तोंडावर पदर घेतला, आणि ते तिथेच राहिलं.

मग एकादशी उजाडली. डबा घेऊन गेलो तो शेजारच्या खाटेवरची बाई परिचारिकेला सांगत होती, "आज एकादस हाय. मला भात नगं." ती पाथर्डीकडची शेतकरीण, पायाला मोठं भाजलेलं, गळ्यात तुळशीची माळ. बायकोने माझ्याकडे बघितलं. डबा तसाच माझ्या हातात.

"आज एकादशी?" तिने विचारलं.

ते वाक्य कुठून आलं मला अजून कळलेलं नाही. कधीकधी एकादशी दोन दिवसांत विभागून येते. आम्ही स्मार्त घरं पहिली धरतो, माळकरी लोक भागवत, ते दुसरी धरतात. हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी म्हणालो, "त्यांची आज. भागवत. आपली स्मार्त काल होऊन गेली."

"काल? मग काल मला जेवू कसं घातलंत?"

"या धांदलीत राहिलं सांगायचं. चुकलं माझं. पण आज आपली द्वादशी आहे. द्वादशीला पारणं चुकलं तर दोष दुप्पट. आज जेवलंच पाहिजे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी डबा उघडला. पाच पिढ्यांच्या भिक्षुकीत आमच्या घरातून कोणी खोटी तिथी दिली नव्हती. लोकांना सोयीचे मुहूर्त दिले असतील, दक्षिणा बघून घटका पुढेमागे केली असेल, पण आजची तिथी आज नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. ती जेवली. वरण-भात, मेथीची भाजी, वर दूध. मी रिकामा डबा घेऊन बाहेर आलो आणि तो दोनदा धुतला.

दुपारी तिला तपासायला आत नेलं होतं तेव्हा शेजारची बाई मला म्हणाली, "भटजीबुवा, आमची येगळी आन् तुमची येगळी, असं कसं? चंद्र तर एकच हाय."

मी तिला खरं ते सांगितलं. रक्ताचं, गाठीचं, सगळं. तिने गळ्यातली माळ कपाळाला लावली.

"मंग मी काय बोलत न्हाई," ती म्हणाली. "माझा इठोबा लई समजूतदार हाय. तुमचा कसा हाय, ते तुमी बघा."

माझा कसा आहे हे मी कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी धर्मशाळेत परत आलो, स्वतःसाठी पान वाढलं आणि घास उचलवेना. शास्त्रात एक सोय आहे. व्रत करणारा आजारी असेल तर त्याच्यासाठी दुसऱ्याने ते करावं; बायकोचं नवऱ्याने, बापाचं मुलाने. हे मी लोकांना अनेकदा सांगितलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. मी पान तसंच उचलून दारच्या गाईला घातलं, हातावर पाणी घेतलं आणि तिच्या नावाने संकल्प सोडला. भगर नाही, रताळं नाही, शेंगदाणा नाही. अगदी तिच्या रीतीने. आयुष्यातली माझी पहिली खरी एकादशी, तीही अर्धा दिवस उलटल्यावर सुरू केलेली. सकाळचा चहा पोटात होता तो देवाने पोटात घातला असेल.

एकदा खोटं बोललं की त्याला रोज चारा घालावा लागतो. आता माझ्याकडे दोन पंचांगं झाली. एक जगाचं आणि एक तिचं, आणि तिचं एक दिवस पुढे. संकष्टी आली तेव्हा म्हणालो, या खेपेला चतुर्थीचा क्षय आहे. क्षय म्हणजे ती तिथी पंचांगातून गळते. पण गळलेल्या तिथीचाही उपास आदल्या दिवशी धरतात, हे मी तिला सांगितलं नाही. वद्य एकादशीलाही क्षयच सांगितला. एका पंधरवड्यात दोन क्षय म्हणजे तेरा दिवसांचा पक्ष. असा पक्ष भारती युद्धाच्या आधी आला होता म्हणतात, आणि त्याच्या नुसत्या उल्लेखाने जुनी माणसं कानांना हात लावतात. मी तो एका खाटेसाठी आणला. ती "बरं" म्हणाली आणि भाकरी मोडली. खरी वद्य एकादशी आली तेव्हा शेजारच्या माळकरीण बाईने परिचारिकेला सांगितलं, "आज पोट दुकतंय, मला काय नगं." माझ्या बायकोसाठी ती विठोबाच्या देखत खोटं बोलली. मी तिकडे बघितलं तर तिने तोंड भिंतीकडे केलं.

त्या दिवशीही मी उपाशीच होतो. डबा घेऊन गेलो तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही जेवलात?" मी म्हणालो, केव्हाच. ती म्हणाली, "भात बरा जमायला लागला तुम्हाला." तिच्या ओठांना थोडा रंग आला होता. डॉक्टरीणबाई पापणी उलटून बघत आणि मान हलवत. त्यांना वाटे औषध लागू पडलं. औषध लागू पडलं असेलही. मी मात्र रोज सकाळी देवाला एकच सांगत होतो की हिशेब माझ्या नावावर मांड.

शस्त्रक्रियेचा दिवस त्यांनी ठरवला तो नेमका अमावस्येचा. मी म्हणालो, एक-दोन दिवस पुढे ढकलता येईल का? त्या म्हणाल्या, "मुंबईचे सर्जन त्या दिवशी येणार आहेत, तुमच्या चंद्राला विचारून ते येत नाहीत." अमावस्येला ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. पण दोन क्षयांनी तिचं पंचांग तीन दिवस पुढे गेलं होतं, तिथे आता माघ शुद्ध तृतीया होती. मी तिला तृतीयेचं नक्षत्र सांगितलं, योग सांगितला, करण सांगितलं, आणि खास मुहूर्त काढून दिला. लोकांना देतो त्याहून जास्त मन लावून दिला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही एवढं चांगलं म्हणताय तर चांगलंच असेल." तिला आत नेलं आणि मी व्हरांड्यात बसलो. अमावस्येला मी सुरू करून दिलेलं ते आयुष्यातलं एकमेव काम. काय म्हणावं सुचेना. इतकी स्तोत्रं पाठ, एकही आठवेना. "बाबा रे, बाबा रे," एवढंच म्हणत होतो, लहान मूल म्हणतं तसं.

ती उठली. डावी बाजू सपाट झाली होती, काखेपर्यंत लांब जखम, पण ती उठली.

नंतरचे दिवस डाव्या हाताचे. तो खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की भिंतीवर बोटांनी चढायचं, रोज एक वीत वर. ती भिंतीशी उभी राहून बोटं चालवायची आणि दुखलं की मला शिव्या द्यायची. देवाला देता येत नाहीत म्हणून. केसांचा अंबाडा एका हाताने बांधता येईना. आयाने विचारलं तर नको म्हणाली. म्हणून मी शिकलो. पहिले दोन दिवस अंबाडा मानेवर लोंबत होता. शेजारची बाई हसून म्हणाली, "बुवा, बैलाची शिंगं बांधताय का?" तिघंही हसलो. घरी आल्यावरही मी दार लावून रोज तिची वेणीफणी करत असे. गावात कळलं असतं तर माझी पुरती थट्टा झाली असती. कळलंच असेल, खेड्यात भिंतीलाही कान असतात. पण कोणी बोललं नाही.

आम्हाला दीड वर्ष मिळालं. घरी परतल्यावर तिने एकादश्या पुन्हा सुरू केल्या, मी खऱ्या तिथ्या सांगू लागलो आणि दोघंही उपास करू लागलो. फराळाचं मी बंद केलं. तिने कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मुलगा श्रीरामपूरकडे साखर कारखान्यात कारकून होता, तो सणाला येई आणि म्हणे, "बाबा, तुम्हाला झालंय काय? वाळताय नुसते." मला वाटत होतं की निभावलं. मी देवाशी केलेला व्यवहार त्याने मानला, असं मी मनाशी धरून बसलो होतो.

मग काखेत पुन्हा गाठ आली, आणि मागोमाग खोकला. डॉक्टरीणबाई या खेपेला फटकळ बोलल्या नाहीत, तेव्हाच मला समजलं. त्या म्हणाल्या, मुंबईला किरणांचे शेक देतात, जीव वाचेल असं नाही, पण दुखणं कमी होईल. आम्ही गेलो. भर पावसाळ्यात एका ओळखीच्या घराच्या गॅलरीत राहिलो आणि रोज शेकाला जात होतो. तिची कातडी तव्यावरच्या भाकरीसारखी काळी पडली. गिळताना त्रास होई. पेज करून दिली तर दोन चमचे घेई आणि मान फिरवी. तिथे मला खोटी तिथी सांगायची गरज उरली नाही. रोजच एकादशी होती. "आज काय?" हे मात्र ती रोज विचारत होती, आणि मी खरं सांगत होतो, आणि खरं सांगताना मला नगरच्या त्या खोट्या दिवसांची फार आठवण येई. तेव्हा खोटं सांगण्यात काहीतरी मिळण्यासारखं होतं.

मार्गशीर्षात ती घरी, सोप्यात, उन्हाच्या कवडशात पडून असे. मुलाला बोलावून घेतलं होतं. तो विहिरीवर गेलेला असताना एका दुपारी तिने मला विचारलं, "आज काय?"

"वद्य पंचमी."

"खरी?"

मी तिचे पाय चेपत होतो. हात थांबला.

"खरी म्हणजे?"

"दवाखान्यात सांगत होतात तसली नव्हे ना?"

ती हसली, पण हसण्याचाही तिला खोकला येई. तो थांबेपर्यंत मी पाण्याचं भांडं धरून बसलो. मग विचारलं, "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. स्मार्त-भागवत वेगळी आली की तुम्ही आठ दिवस आधीपासून गावभर सांगत सुटता, जशी काही तुम्हीच ती वेगळी केलीय. आणि तेव्हा विसरलात?" ती दम घेत घेत बोलत होती. "आणि शुद्ध पक्षात पहाटेची कोर दिसते होय हो? मी तोंड धुवायला व्हरांड्यात जात होते. तुमची प्रतिपदा सांगून झाली होती, आणि पूर्वेला ही एवढी कोर."

खरंच, वद्य पक्ष सरता सरताच पहाटे पूर्वेला कोर दिसते. आकाश कोणालाही दिसतं, हे मी पंचांगवाला विसरलो होतो.

"मग जेवलीस कशी?"

"डबा धरून उभे होतात, तुमचं तोंड बघून नाही म्हणवेना. आणि संध्याकाळी आलात तेव्हा ते सुकून गेलं होतं, उपासाचा वास येत होता. इतकी वर्षं माझ्या हातचा फराळ हाणलात आणि त्या दिवशी कोरडे राहिलात. म्हटलं, एका घरात एकाने केला की झालं. पुढेही जेवत गेले."

मी रडत नव्हतो. रडलो असतो तर तिला उठून बसावं लागलं असतं. तिने पाय माझ्या हातातून सोडवून घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"एक करा," ती म्हणाली. "माझी तिथी तेवढी पोराला खरी सांगा. चांगली बघून सांगू नका. वर्षातून एकदाच येणार मी जेवायला. तुम्ही भलताच दिवस सांगितलात आणि मी आले तेव्हा पान मांडलेलं नसलं तर? उपाशी जाऊ परत?"

मी म्हणालो, खरी सांगीन. ती म्हणाली, शपथ नको, नुसतं सांगा म्हणजे झालं.

त्यानंतर ती फार बोलली नाही. चार-सहा दिवस गेले असतील. ती गेली ती दुपार कलल्यावर. अंगणातल्या तुळशीवर अजून ऊन होतं. मी तिच्या तोंडात गंगेचं पाणी घातलं, मुलाने तुळशीपत्र ठेवलं. मग माणसं जमली. त्या दिवशी वद्य दशमी होती, आणि दिवेलागणीच्या सुमाराला दशमी संपून एकादशी लागणार होती. हे गावात फक्त मला ठाऊक होतं. बाकीच्यांना एवढंच ठाऊक होतं की उद्या एकादशी.

एकादशीचं मरण म्हणजे सरळ वैकुंठ, असं आमच्याकडे मानतात. म्हातारी माणसं ओसरीवर बसून आपसांत बोलत होती. एकजण मला म्हणाला, "भटजीबुवा, एकादशी लागली असंल की वो. लई उपास केले त्या माउलीनं. देवानं बराबर दिवस धरला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणेन तेच गावात चालणार होतं. कोणी पंचांग उघडून बघायला येणार नव्हतं, आणि पोरगा माझा शब्द आयुष्यभर पाळणार होता. तिच्या दोन एकादश्या मी स्वतःच्या हाताने काढून घेतल्या होत्या, भाताबरोबर, मेथीच्या भाजीबरोबर. त्यातली एक परत देता येत होती. फक्त "हो" म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं.

मुलगा ओल्या धोतराने माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला तिथी मनाशी पक्की करून ठेवायची होती.

"बाबा, काय धरायचं? एकादशी ना?"

"दशमी," मी म्हणालो. "मार्गशीर्ष वद्य दशमी. पान त्या दिवशी मांडत जा."

आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.